शारदा कोल्हापुरात पुन्हा व्हायला हवी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी या थोर गायक-नटाची, केशवरावांची, जयंती होती. तेव्हापासून या शहरात नाट्यगृहाबद्दल बोललं जातंय ते छपराबद्दल, दगडी भिंतींबद्दल, खुर्च्यांबद्दल, निधीबद्दल. ते बोलायलाच हवं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली खासबाग मैदानाला लागून उभं केलेलं हे पॅलेस थिएटर. ते जसं होतं तसं उभं राहिलं पाहिजे, याबद्दल कोल्हापुरात दुमत नाही आणि माझंही नाही. पण तिथं नाटक कुठलं होणार, किती वेळा होणार आणि ते करणार कोण, हे प्रश्न या सगळ्या गदारोळात मागं पडलेत. वास्तूइतकेच ते महत्त्वाचे आहेत, म्हणून आज ते मांडतोय.

माझं म्हणणं असं की, गावातलं नाटक जगतं ते गावातल्याच माणसांनी ओळखीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा हाती घेतल्यामुळं. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, ज्यांचा शेवट पहिल्या घंटेआधीच प्रेक्षकाला माहीत आहे, अशा गोष्टी. देवलांचं जुनं नाटक ‘संगीत शारदा’ ही त्यातलीच एक. आणि हे काम मोठ्या नाट्यगृहात होत नाही. त्याला शंभर-दीडशे खुर्च्यांची, वर्षभर उघडी असणारी, खिशाला परवडणारी जागा लागते. कोल्हापूरनं मोठ्या नाट्यगृहाइतक्याच आग्रहानं अशी लहान जागा मागायला हवी.

‘तेच तेच काय बघायचं?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. नाटकाचा इतिहास नेमका उलटं सांगतो. ग्रीकांच्या तीन मोठ्या नाटककारांनी, तिघांनीही, इलेक्ट्राच्या सूडाची एकच गोष्ट रंगमंचावर आणली. कालिदासानं शकुंतला महाभारतातून घेतली आणि तिच्यात दुर्वासाचा शाप व अंगठी घातली. मूळ कथेतल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरीही तो भरसभेत तिला नाकारतो. शेक्सपिअरच्या आधी लिअर राजावर एक नाटक होऊन गेलेलं होतं. आपल्याकडं सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार याची उत्सुकता समोर बसलेल्या कुणालाही नव्हती. पुढं काय होणार ही टोचणी नसली की माणूस निवांत बसतो आणि नटाकडं बघतो. हा राम धनुष्याकडं कसा जातो? सीता त्या क्षणी कुठं बघते? नाटक बघणं तिथून सुरू होतं.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ सालचं. गोष्ट विराटपर्वातली, घराघरात ठाऊक असलेली. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत देश दिसला, युधिष्ठिराच्या सबुरीत मवाळ दिसले आणि भीमात जहाल. नाटकात कर्झनचं नावही नव्हतं. तरी १९१० साली इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली. नव्या कथानकाला हे साधलं नसतं. गोष्ट आधीपासून ठाऊक होती म्हणून प्रेक्षकांचं लक्ष तिच्यामागं काय उभं आहे तिकडं गेलं.

आता कोल्हापूरकडं येतो, आणि ज्या नाटकासाठी हा लेख लिहितोय त्याच्याकडं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. देवल जन्मानं शेजारच्या हरिपूरचे. आणि कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांचं नाव लहान वयात गाजलं ते याच नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं, ‘मूर्तिमंत भीती उभी’ या पदानं. म्हणजे शारदा या मातीतलीच. पण आज तिचं काय होतं? नाट्यसंगीताच्या मैफलीत दोन पदं होतात, वन्स मोअर येतो, आणि नाटकाबद्दल ‘जरठ-बाला विवाहाचा प्रश्न होता तेव्हाचा’ असं निवेदक सांगून टाकतो. प्रश्न मिटला, गाणी उरली, असा सगळ्यांचा समज.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. ऊस आहे, दूध आहे, सहकार आहे, घरटी मोटारसायकल आहे, आणि मुली नाहीत. त्या गणनेतली मुलं आज पंचविशी ते तिशीत आहेत. त्यांच्या आईबापांनी, डॉक्टरांनी, समाजानं जे केलं त्याचं माप त्यांच्या पदरात पडतंय. करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही तालुक्यातल्या गावात पारावर बसा. दोन एकर बागायत असलेला, निर्व्यसनी, पस्तिशी ओलांडलेला मुलगा दाखवतील आणि ‘जमंना बघा याचं’ म्हणतील. मग येतो मध्यस्थ. मोबाईलवर फोटो दाखवतो, लांबच्या जिल्ह्यातली नाहीतर परराज्यातली गरीब घरची मुलगी सुचवतो, मुलाकडून पैसे घेतो, मुलीच्या बापाला त्यातले थोडे देतो. चार दिवसांत लग्न. कधी संसार होतो, कधी फसवणुकीची बातमी छापून येते. त्या बातमीत मुलीच्या बाजूनं एक ओळही नसते.

आता ‘शारदा’ उघडा. पैशाच्या लोभानं मुलीचा सौदा करणारा बाप कांचनभट. मध्ये बसून दोन्हीकडचं खाणारा भद्रेश्वर दीक्षित. आणि जिला कुणीच विचारत नाही ती मुलगी. देवलांचं एक वाक्य बदलायला नको. भद्रेश्वराची भूमिका आजच्या मध्यस्थाला जवळून बघितलेल्या नटाला द्या. शेंडी-उपरण्याचं सोंग नको, आवाज चढवून हशे घेणं नको. गोड बोलणारा, घरात शिरल्यावर आधी म्हातारीच्या पाया पडणारा, चहा बशीत ओतता ओतता रकमेवर येणारा भद्रेश्वर. आणि पैसे मोजून शारदेशी लग्न करू बघणारा भुजंगनाथ? तो खेळवला जातो दात पडलेला, कमरेत वाकलेला, हास्यास्पद म्हातारा म्हणून. समजा दिग्दर्शकानं त्या जागी चाळिशीचा, उन्हात रापलेला, लाजराबुजरा माणूस उभा केला. तेच शब्द. ‘म्हातारा इतुका न’ हे पद मग कुणाला उद्देशून होईल? गावात चाळिशीच्या अविवाहित माणसाला जी टोचणी रोज ऐकावी लागते तीच ती. प्रेक्षकात बसलेली माणसं पहिल्या ओळीला हसतील आणि तिसऱ्या ओळीला थांबतील, कारण शेजारच्या खुर्चीवर तसाच कुणी बसलेला असेल, नाहीतर आपल्याच घरी असेल. त्याच्याबद्दल कणव वाटेल आणि तरीही शारदेचा सौदा सौदाच राहील. दोन्ही एकाच वेळी वाटणं, हे मला ‘शारदे’कडून हवंय. हा प्रयोग मुंबईहून बसमधून येणार नाही. तो इथल्याच माणसांनी इथल्या माणसांसमोर करायचा आहे.

म्हणजे जुन्या नाटकाला नवे कपडे घाला, असं मी म्हणत नाही. दुर्योधनाच्या दरबारात मोबाईल वाजवायचा, राजाला जीन्स घालायची, मध्येच आजच्या पुढाऱ्यावर कोटी करायची, हे सोपं आहे आणि टाळ्याही मिळतात. पण त्यातून गोष्ट नवी होत नाही, तिच्यावर नुसती आजची तारीख पडते. गोष्ट नवी होते ती दिग्दर्शक एखाद्या पात्राला खरोखर नवा प्रश्न विचारतो तेव्हा. प्राजक्त देशमुखांच्या ‘देवबाभळी’त तुकारामांची आवली आणि रखुमाई समोरासमोर येतात. आवलीच्या पायातल्या काट्याची कथा सगळ्या महाराष्ट्राला कीर्तनातून ठाऊक होती. त्या दोघी एकमेकींशी काय बोलतील, हे कुणी विचारलं नव्हतं. ते नाटक आधी एकांकिका होतं, हेही ध्यानात घ्या. लहान जागेत, दोन बायकांवर उभं राहिलेलं काम मग मोठ्या रंगभूमीवर गेलं.

लहान जागा म्हणजे मोठ्या जागेची गरीब आवृत्ती, असं आपल्याकडं मानलं जातं. तसं नाही. शहरातल्या एका हौशी गटानं संस्कृत नाटककार भासाचं ‘ऊरुभंग’ एका छोट्या सभागृहात केलं होतं, ते मी पाहिलंय. नेपथ्य जवळपास नव्हतंच. एक मळकं जाजम आणि दोन दिवे. मांड्या मोडलेला दुर्योधन कोपरांवर सरपटत पुढं येतो. त्याच्या धोतराचा जमिनीवर घासल्याचा आवाज ऐकू येत होता. पहिल्या रांगेतल्या लोकांनी नकळत पाय मागं घेतले. मग त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि सवयीनं बापाच्या मांडीवर बसायला जातो. बाप त्याला अडवतो. मांडीच उरलेली नाही, पण हे त्या पोराला कसं सांगायचं? नटानं फक्त तळहात पुढं केला आणि तो हात हवेत थरथरत राहिला. हजार माणसांच्या नाट्यगृहात तो हात दिसला नसता. मग त्याला ओरडावं लागलं असतं, प्रकाशझोत टाकावा लागला असता, मागं सनई लावावी लागली असती. माझ्या शेजारचे, शेतकरी असावेत असे एक वयस्कर गृहस्थ बाहेर पडताना म्हणाले, “गोष्ट म्हाईत हाय ओ लहानपणापासनं. पर दुर्योधनाचं पोरगं कधी ध्येनात आलं न्हवतं.”

ते ‘ऊरुभंग’ परत झालं नाही. कोल्हापुरातल्या नाटकाचं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे. इथं गुणी माणसांची वाण नाही. ‘प्रत्यय’सारख्या संस्थेनं विंदा करंदीकरांच्या अनुवादातला ‘राजा लिअर’ इथं राहून केला आहे. विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. बँकेतला कॅशियर, प्राथमिक शाळेतल्या बाई, एसटीतला माणूस, औषधाच्या दुकानातला पोरगा, अशी मंडळी रात्री साडेआठला जेवणं उरकून तालमीला जमतात आणि दोन-अडीच महिने खपतात. कशासाठी? बहुतेक वेळा राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका प्रयोगासाठी. स्पर्धेचं ऋण मी मानतो. तिच्याविना महाराष्ट्रातल्या निम्म्या गावांत नाटक उरलं नसतं. पण तिनं लावलेली सवयही ओळखायला हवी. एक प्रयोग, परीक्षक, निकाल, आणि पहिल्या आलेल्या संघाखेरीज बाकीच्यांचं नेपथ्य माळ्यावर. नट पहिल्या प्रयोगाला घाबरलेला असतो. चौथ्या-पाचव्या प्रयोगापासून तो प्रेक्षकाचं ऐकू लागतो आणि दहाव्याला भूमिका त्याची होते. आपल्या नटांना हा दहावा प्रयोग कधी मिळतच नाही. आणि निकाल डोळ्यांपुढं ठेवून केलेलं नाटक परीक्षकांकडं बघत राहतं, गावाकडं त्याची पाठ होते. म्हणून नेपथ्य भपकेबाज, विषय चमकदार. ओळखीची गोष्ट घ्यायला संघ बिचकतो, कारण ‘जुनंच केलं’ म्हणून गुण जातील ही भीती.

यावर आक्षेप येतो की जुनं उगाळत बसलात तर नवं कोण लिहिणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण नवं नाटक मलाही हवंय. पण लिहिणारा तयार कसा होतो ते बघा. देवलांनी ‘शारदा’ लिहिण्याआधी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला होता, ‘मृच्छकटिक’ मराठीत आणलं होतं. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागं लिअर उभा आहे. दुसऱ्याच्या गोष्टीचे सांधे उकलून पाहिल्यावर स्वतःची गोष्ट उभी करता येते. ज्या गावात जुनी नाटकं वर्षानुवर्षं रंगमंचावर दिसत नाहीत, तिथला विशीतला लेखक मालिका बघूनच लिहिणार. त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरा आक्षेप, लोक येणार नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागू नये. आपण पिढ्यान् पिढ्या खासबागेत बसून कुस्ती बघत आलोय. ढाक, घिस्सा, एकचाक सगळ्यांना ठाऊक असतं. बारा वर्षांचं पोरगंसुद्धा डावाचं नाव आधी सांगतं, आणि तरीही आज या पैलवानानं तो कसा टाकला यासाठी मैदान उठून उभं राहतं. ही नजर इथं तयार आहे. ती मैदानाच्या भिंतीपलीकडं नाटकालाही लावता येते. १९२१ च्या जुलैत मुंबईला खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा, दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘संयुक्त’ प्रयोग झाला, तेव्हा ते नाटक दहा वर्षांचं जुनं होतं, पदं लोकांना पाठ होती. आपले केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, हे दोघं समोरासमोर कसे गातात यासाठी लोक लोटले आणि टिळक स्वराज्य फंडाला पैसा उभा राहिला. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले.

पैशाचं म्हणाल, तर ओळखीच्या जुन्या नाटकांच्या बाजूनं एक साधी व्यवहाराची गोष्ट आहे. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क संपतो, म्हणजे या तिघांची नाटकं आज कुणीही मानधन न देता करू शकतो, कापू शकतो, दोन तासांत बसवू शकतो. खर्च उरतो जागेचा. आणि तिथंच सगळं अडतं. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं, विजेचं बिल, ध्वनी-प्रकाशवाल्यांचे पैसे भरून हौशी संघ दुसरा प्रयोग लावूच शकत नाही. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन आहे, त्याचा आधार फार मोठा आहे, पण तिथं व्याख्यानं, सत्कार, प्रदर्शनं यांच्या मधून तारीख शोधावी लागते. लागोपाठ दहा शनिवार एकच नाटक करायचं तर ती सोय वेगळी लागते.

अशी सोय आकाशातून पडत नाही आणि तिला कोट्यवधीही लागत नाहीत. १९७४ साली ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह धरलं आणि तिथून मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक अख्खा कालखंड उभा राहिला. शाळेचं सभागृहच होतं ते. कोल्हापुरात संस्थानकाळापासूनच्या शाळा आहेत, त्यांची सभागृहं संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. एखाद्या शिक्षणसंस्थेनं आठवड्याचे दोन दिवस दिले, चार-सहा नाट्यसंस्थांनी मिळून दिव्यांचा एक कायमचा संच घेतला, तिकीट शंभर रुपये ठेवलं, तर गाडं सुरू होतं. महापालिकेकडं मागायचं ते याच्या पुढचं: नाट्यगृहाच्या परिसरातच दीडशे आसनांची एक साधी खोली, हलवता येणाऱ्या खुर्च्या, दिवे टांगायला वर लोखंडी जाळी, काळे पडदे, आणि स्थानिक संस्थांना नाममात्र भाडं. मोठ्या वास्तूच्या खर्चापुढं हा आकडा नगण्य आहे. आणि सांस्कृतिक खात्याकडं मागायचं ते हे की, स्पर्धेच्या बक्षिसातला काही भाग रोखीनं देण्याऐवजी प्रयोगांच्या रूपात द्या. पहिल्या तीन संघांना आपल्याच जिल्ह्यात पाच-पाच प्रयोग, भाडं खात्याचं.

मुंबई-पुण्याची नाटकं येतात, येत राहोत, मी ती तिकीट काढून बघतो. पण त्यातला नट रात्रीच पुढच्या गावाला निघतो. इथला भद्रेश्वर मात्र दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीत सापडतो, आणि पासबुक पुढं करताना त्याला विचारता येतं की, अहो, बापाला पैसे मोजून देताना तुम्ही शारदेकडं बघितलंत ते मुद्दाम का? तो उत्तर देतो. पुढच्या शनिवारी कदाचित बघत नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. येत्या हंगामात शहरातल्या कुठल्याही एका संस्थेनं ‘शारदा’ घ्यावी. पदं मोजकी ठेवावीत, ऑर्गन आणि तबला पुरे, माईक नको. दहा प्रयोग एकाच लहान जागेत, आणि नंतर पाच गावांत, जिथं लग्न न जमलेल्या पोरांची यादी पारावर तोंडपाठ आहे तिथं, देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या पडवीत. प्रयोगानंतर अर्धा तास दिवे चालू ठेवावेत आणि बायकांना आधी बोलू द्यावं. पहिल्या दहा प्रयोगांची तिकिटं खपवायला घरोघर फिरायची माझी तयारी आहे.